ओपांची गाळलेली वर्षं

“ज्या बुटाला मी रोज पालिश मारतो, तोच बूट रोज माझ्या नडगीवर बसतो. मग चकचकीत करायचा तरी कशाला, बाय?”

मुनीर हे इतक्या हळू पुटपुटला की ते ब्रिजेटलाच काय ते ऐकू गेलं, आणि तेही ती त्याच्या खांद्याशी उभी राहून ओपांच्या गोळ्या खलात कुटत होती म्हणून. तिनं फ्रिजमधून बर्फाचे चार खडे काढले, फडक्यात बांधले आणि त्याच्या हातात ठेवले. मुनीरनं पँटचा पाय वर सरकवला. नडगीवर हापूसच्या फोडीएवढी जागा निळी झाली होती, आणि तिच्या शेजारी गेल्या आठवड्यातली फोड आता पिवळी पडायला लागली होती. फळ पिकावं तसं.

तिनं विचारलं, आज काय निमित्त झालं. मुनीर म्हणाला, काय नाय, ओपांच्या चाकाच्या खुर्चीची पायपट्टी लावायला खाली वाकलो होतो.

मुनीर रत्नागिरीकडचा. नोकरी ड्रायव्हरची, पण त्या बंगल्यात ड्रायव्हरला बुटांपासून बल्बपर्यंत सगळंच बघावं लागायचं. बंगला मस्कतमध्ये कुरुमला, समुद्राच्या अंगाला. मालक युर्गेन ब्रेमके, साठीचा उंच, वाकलेला जर्मन. रुसैलला त्याचा पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करण्याचा कारखाना होता. ओपा म्हणजे त्याचे वडील, ऑस्वाल्ड ब्रेमके. ओपा म्हणजे जर्मनमध्ये आजोबा. नातवंडं तिकडंच राहिली, हाक तेवढी इकडं आली. तिकडच्या थंडीनं म्हाताऱ्याची छाती भरते म्हणून मुलानं त्यांना चौऱ्याण्णव साली मस्कतला आणलं आणि सांभाळायला ब्रिजेटला ठेवलं.

ब्रिजेट वसईची. ती नर्स नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तिनं सहा वर्षं केलं होतं, तेवढंच तिचं शिक्षण. पण ज्या बाईनं सासूचं केलं ती कुणाचंही करू शकते असं तिचं ठाम मत होतं, आणि तीन वर्षांत ते मत बदलावं असं काही घडलं असलं तरी तिनं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

त्या घरात मारणं या गोष्टीला नावच नव्हतं. ओपांना व्यायाम लागतो, असं म्हणायचं. ओपा आज जरा जोरात आहेत, असं म्हणायचं. सूपाचा वाडगा स्वयंपाकिणीच्या तोंडावर बसून तिचा दात हलला तेव्हा वाडगा हातातून निसटला होता. बांगलादेशी माळ्याची दोन बोटं मोडली तेव्हा माळी सुट्टीवर गेला, आणि तो सुट्टीवरून आलाच नाही हे बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही. ब्रिजेट स्वतः भर जूनमध्ये मनगटापर्यंत बाह्यांचे झगे घालायची. मस्कतमध्येच रुवीला ती राहायची त्या इमारतीत शेजारणी विचारायच्या, तुला कसली गं एवढी थंडी वाजते. ती सांगायची, साहेबांच्या घरातला एसी फार कडक.

आणि मांजरीचं तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात सकाळी ती ओपांना अंगणात सावलीत बसवून औषध आणायला आत गेली. एक हाडकुळी मांजर त्यांच्या पायाशी पडलेलं बिस्किट खायला आली, मान खाली घालून. ब्रिजेट परत आली तेव्हा ओपांची काठी वर जात होती आणि खाली येत होती. काठी काळ्या लाकडाची, टोकाला लोखंड. मांजर तिसऱ्या फटक्यालाच गेली असावी, कारण तिचा आवाज तिथंच थांबला. ओपा थांबले नाहीत. ते शांतपणे, शाळेतल्या मास्तरसारखे, मोजत होते. आइन्स, त्स्वाय, द्राय. पंचवीस झाल्यावर त्यांनी काठीचं टोक गवताला पुसलं आणि म्हणाले, ब्रिजेट, माय डियर, चहा होईल का.

तिनं फावड्यानं खड्डा खणला, मांजरीचं जे काही उरलं होतं ते पुरलं, पाइपनं गवत धुतलं आणि युर्गेनसाहेबांना सांगितलं की मांजर गाडीखाली आली. साहेब म्हणाले, बरं. त्यांनी कुठली गाडी, असं विचारलं नाही. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला न विचारण्याची फार जुनी सवय आहे.

तरी ती टिकून होती, आणि नुसत्या पगारासाठी टिकून होती असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. ओपांचा तिला लळा होता. दुपारी चारला चहा झाला की ते तिचा हात हातात घ्यायचे आणि आपली हकिकत सांगायचे. रोज तीच, त्याच क्रमानं, तिला समजेल अशा सोप्या इंग्रजीत. लग्नाच्या वीस वर्षांत युस्टेसनं, तिच्या नवऱ्यानं, मिळून एवढी वाक्यं बोलली नसतील.

नदीकाठचं छोटं शहर. बाप लोहार. ऑस्वाल्ड चौदाव्या वर्षी फावड्याच्या कारखान्यात हमालीला लागला आणि चोविसाव्या वर्षी त्याच कारखान्याच्या मालकाच्या मुलीशी लग्न केलं. सासरा गेल्यावर कारखाना त्याचा. सैन्याला फावडी लागायची, कुदळी लागायच्या. सैनिक गोळ्या कमी झाडतो आणि खड्डे जास्त खणतो, ओपा हसून सांगायचे. मग युद्ध आलं. युद्धानंतर साखर नव्हती.

इथं ते नेहमी चहात साखर ढवळायचे. युद्ध आलं, युद्धानंतर साखर नव्हती. मधलं काही नाही. अमेरिकन लोकांनी आठ महिने छावणीत ठेवलं, सोडलं. कारखान्यात फावड्यांऐवजी तवे निघू लागले. बेघरांना तवे फुकट वाटले म्हणून लोकांनी नगराध्यक्ष केलं. तिथून प्रांताच्या विधानसभेत, आणि शेवटी श्रम आणि पुनर्वसन खात्याचे मंत्री. तुर्कस्तानातून मजुरांची पहिली गाडी आली तेव्हा स्टेशनावर हजाराव्या मजुराला त्यांनी स्वतः फुलं दिली होती. त्याचा फोटो त्यांच्या पलंगाशेजारी होता. सरकारनं दिलेलं लाल क्रॉसचं पदकही होतं.

ब्रिजेट रोज ऐकायची आणि रोज त्या एका जागी तिचा पाय अडखळायचा. जिन्याची एक पायरी नसावी आणि घरातल्या सगळ्यांनी सवयीनं ती ओलांडून जावं तसं. एकदा तिनं विचारलंही, ओपा, युद्धात कारखान्यात काम कोण करायचं, माणसं तर सगळी लढाईवर गेली असतील ना. ओपांनी तिचा हात सोडला. मग काठी उचलून तिच्या दंडावर मारली. फार जोरात नाही. दारावर टकटक करावी तशी. आणि पहिल्यापासून सुरुवात केली: नदीकाठचं छोटं शहर.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत ओपांना पंच्याऐंशी पूर्ण झाली. तिकडच्या शहरानं पत्र पाठवलं: नदीवरच्या नव्या पुलाला ऑस्वाल्ड ब्रेमके यांचं नाव द्यायचा ठराव मे महिन्यात येणार. युर्गेनसाहेबांनी दुपारचं जेवण ठेवलं. दहाबारा गोरे पाहुणे, घरची माणसं, आणि कारखान्यातले चार जुने कामगार. त्यातला एक युस्टेस; लेथ खात्याचा मुकादम, सात वर्षं त्याच कारखान्यात. त्यानं लग्नातला कोट घातला होता. बटणं लागत नव्हती, म्हणून तो सारखा पोट आत घेत होता. ब्रिजेटनं वसईच्या पद्धतीनं फुगे तळून आणले होते आणि एक जर्मन बाई ते डोनट आहेत असं सगळ्यांना समजावून सांगत होती.

साहेबांनी शहराचं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. श्रमिकांचा कैवारी, असं त्यात होतं. टाळ्या झाल्या. ओपांच्या छातीवर पदक, गुळगुळीत दाढी, गालावर लाली. इतके गोड दिसत होते की ब्रिजेटचं मन भरून आलं. आणि तिनं ती चूक केली.

तिच्या घरी रीत होती. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचा वाढदिवस असला की धाकट्यांनी एकेक करून त्याच्यापुढं गुडघे टेकायचे, हात जोडून मान खाली घालायची आणि आशीर्वाद मागायचा. म्हातारा डोक्यावर हात ठेवतो, पुटपुटतो, झालं. तिचे आईवडील गेले तेव्हा तिला रजा मिळाली नव्हती. युस्टेसच्या आईच्या शेवटच्या दिवसांत तोच नव्हता. परदेशात डोक्यावर हात ठेवणारं दोघांनाही कुणी उरलं नव्हतं. तिनं युस्टेसला कोपरानं ढोसलं.

तो म्हणाला, अगं, ते जर्मन. त्यांच्यात असतं का हे?

“म्हातारा सगळीकडं म्हाताराच असतो,” ब्रिजेट म्हणाली. “जा.”

त्यानं प्लेट खाली ठेवली, पोट आत घेतलं, जाऊन ओपांच्या खुर्चीपुढं दोन्ही गुडघे टेकले, हात जोडले आणि मान खाली घातली. पाहुण्यांना कौतुक वाटलं. कुणीतरी कॅमेरा काढला.

ओपांनी त्या वाकलेल्या मानेकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं असं नाही. ते तिथंच राहिलं, आतलं माणूस तेवढं बदललं. ज्यांना खुर्चीतून उठवायला मुनीर आणि ती अशी दोघं लागायची, ते ओपा एकटे उठून उभे राहिले. जर्मनमध्ये काहीतरी बोलले, हळू, काम सांगावं तसं. आणि काठी वर गेली.

पहिला फटका मानेवर बसला तेव्हा युस्टेसला तो आशीर्वादाचाच भाग वाटला असावा, कारण तो हललाच नाही. आइन्स. दुसरा कानावर. त्स्वाय. तेव्हा त्यानं मान वर करून विचारण्यासारखं पाहिलं, आणि तिसरा फटका त्या पाहण्यावर आला. लोखंडी टोक डाव्या डोळ्यात गेलं. त्याचा आवाज ब्रिजेट पुढं कितीतरी दिवस ऐकत होती. ओला, छोटा, अंडं फुटल्यासारखा आवाज. युस्टेस टेबलावर आदळला, टेबलक्लॉथ त्याच्याबरोबर खाली आला, लाल वाइनच्या बाटल्या त्याच्या पांढऱ्या शर्टावर फुटल्या. आता रक्त कुठलं आणि वाइन कुठली ते कळेना. ओपा एक पाऊल पुढं झाले. चौथा बरगड्यांवर. पाचवा ब्रिजेटच्या मनगटावर, कारण ती मध्ये पडली होती. ती बाजूला फेकली गेली आणि काचांवर हात टेकून पडली. सहा. सात. युस्टेस सरपटत टेबलाखाली जायला बघत होता आणि ओपा त्याच्या पायांवर मारत होते. मारताना त्यांचा श्वाससुद्धा फुलला नव्हता. पाहुण्यांतल्या बायका किंचाळत होत्या. आठ. युर्गेनसाहेब भिंतीला पाठ लावून, पाय जुळवून, वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे ताठ उभे होते. इतका उंच माणूस, दोन ढांगांत पोचला असता.

नऊला मुनीरनं मागून काठी पकडली. ओपांनी ती सोडली, खुर्चीत बसले, नॅपकिननं बोटं पुसली आणि केक मागितला.

सरकारी इस्पितळात त्याच संध्याकाळी युस्टेसचा डावा डोळा काढावा लागला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरनं विचारलं, काय झालं. युस्टेस म्हणाला, पडलो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मुकादम माणूस, अठ्ठेचाळीस वर्षांचा, चारचौघांत गुडघ्यावर बसून मार खाल्ला हे सांगण्यापेक्षा पडलो म्हणणं त्याला सोपं वाटलं. पण डोक्याची जखम असली की इस्पितळ पोलिसांना कळवतं. तसं कळवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिराज आला. सिराज मुंबईचा, कारखान्याच्या ऑफिसात व्हिसापासून इस्पितळापर्यंत सगळे कागद तोच फिरवायचा. त्यानं द्राक्षं आणली होती आणि अरबीत टाइप केलेला एक कागद. वहिनी, बस एक दस्तखत, मग खलास, असं त्याचं म्हणणं. युस्टेसभाई पायरीवरून घसरले, डोक्याला टेबल लागलं, एवढंच लिहिलंय. नोकरी शाबूत, साहेब खूश. मोठ्या साहेबांचं नाव त्या पुलावर लागायचंय, त्याच्यात पोलीस कशाला.

युस्टेसनं पेन हातात घेतलं. त्यांच्या मुलीची, मेलिसाची दहावी होती, परीक्षा मार्चमध्ये. तो ब्रिजेटला म्हणाला, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, भ्रम झालाय त्याला. ब्रिजेटनंही त्याला अडवलं नाही. खरं म्हणजे तिनंच त्याला तिथं गुडघ्यावर पाठवलं होतं, आणि कागदावर घसरला असं लिहिलं गेलं तर ती त्यातून सुटत होती. हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण लाज वाटते म्हणून माणूस सुटका नाकारतो असं थोडंच आहे.

कागद उलटा होता तो ब्रिजेटला गाडीतून घेऊन आलेल्या मुनीरनं सुलटा केला. एवढंच त्यानं केलं. तो लहानपणी मदरशात अरबी अक्षरं शिकलेला, पेपर वाचता येण्याइतकी भाषा नाही, पण कुराणातले शब्द ओळखीचे. त्याचं बोट एका शब्दावर थांबलं.

“हा शब्द मला येतो,” तो म्हणाला. “अशा हालतीत नमाजाजवळ येऊ नका म्हणून सांगितलंय, त्यातलाच आहे हा. सकरान. प्यायलेला. सिराजभाई, हे घसरलेल्या माणसाला कशाला लिहिलंय?”

सिराज हसला. अरे, शर्टाला वास येत होता वाइनचा, डॉक्टरनंच नोंद केलीय, मी काय करू. आणि तुमच्या लोकांत चालतं ना वहिनी, बर्थडे होता. ब्रिजेटनं विचारलं, दारू पिऊन कामाच्या मालकाकडं पडला असं लिहिलं, तर नोकरी शाबूत कशी राहील. सिराज द्राक्षाचा घड सोडवत बसला. शेवटी म्हणाला, व्हिसा कॅन्सल करावा लागेल, तसा कायदा आहे, पण साहेब परीक्षेपर्यंत थांबतील, इन्शाल्ला.

युस्टेस इतका वेळ छताकडं पाहत होता. डोळा गेला हे कळलं तेव्हा तो काही बोलला नव्हता. आता त्यानं विचारलं, “माझ्याबद्दल लिहिलंय? मी प्यायलो होतो म्हणून?”

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा ब्रिजेटनं सिराजला हाताला धरून बाहेर काढलं, द्राक्षांसकट.

सिराजला काय कळणार. एकोणनव्वद साली, वसईत, युस्टेस पिऊन आला होता आणि त्यानं ब्रिजेटला मारलं होतं. एकदाच. तिचा खालचा ओठ आजही एका बाजूला जरा जाड होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून फादरपुढं जाऊन उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर शपथ घेतली. तेव्हापासून आठ वर्षं त्यानं नाताळातसुद्धा थेंब घेतला नव्हता. रुवीच्या चर्चमध्ये लग्न लागलं की टोस्टला सरबताचा ग्लास वर करायचा आणि लोकांची थट्टा ऐकून घ्यायचा. त्याच्याकडं स्वतःचं असं तेवढंच होतं. डोळा ओपांनी घेतला होता. आता ही एक गोष्ट हे लोक घेणार होते, आणि ती त्याच्या पासपोर्टाबरोबर घरी जाणार होती, त्याच चर्चच्या गावात.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता पोलीस अधिकारी बंगल्यावर यायचा होता. मुनीर तिला रुवीहून घेऊन निघाला. वाटेत म्हणाला, “बाय, तू बोललीस तर मी बोलेन. तू गप्प, तर मीबी गप्प. माझी रेहान आणि नूरैन अजून शाळेत आहेत. आधीच सांगून ठेवतो, मागनं म्हणू नको मुनीर फिरला.” इतका प्रामाणिक भित्रेपणा तिनं आजवर पाहिला नव्हता. तिला त्याचा आधारच वाटला.

युर्गेनसाहेब तिची दारातच वाट पाहत होते. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्यांनी तिला स्वयंपाकघरात नेलं, स्वतः खुर्ची दिली. म्हणाले, तो शब्द काढायला लावतो. नुसतं घसरला एवढंच राहील. युस्टेस कारखान्यातच राहील, जन्मभर. माझे वडील फार जगणार नाहीत, ब्रिजेट. त्यांना शांतपणे जाऊ द्या. त्यांना भ्रम होतो, ते काय करतात ते त्यांना कळत नाही.

तिला हवं होतं ते सगळं त्यात होतं. शब्द निघत होता, नोकरी राहत होती, मेलिसाची परीक्षा होत होती. ती हो म्हणणारच होती. मग तिनं विचारलं, पण मग डॉक्टरच्या नोंदीत वाइनचा वास आहे, त्याचं काय होईल. साहेबांनी खाली पाहिलं. ती नोंद तर राहणारच, ते म्हणाले. वास कसा लागला ते सांगायचं तर बाटल्या कशा फुटल्या तेही सांगावं लागेल.

म्हणजे कागदावर नसलं तरी इस्पितळाच्या वहीत तो प्यायलेलाच राहणार होता. ब्रिजेट उठली.

अधिकारी तरुण होता, अदबीचा. दिवाणखान्यात ओपांना उजवा हात छातीवर ठेवून सलाम केला, पदकाकडं, फोटोकडं पाहिलं. ओपा चाकाच्या खुर्चीत, पायावर शाल. काठी कुठंतरी लपवली होती. सिराज कागद घेऊन उभा, मुनीर दाराशी. अधिकाऱ्यानं ब्रिजेटला इंग्रजीत विचारलं, तुमचा नवरा त्या दिवशी प्यायला होता का.

“नाही,” ब्रिजेट म्हणाली. “आठ वर्षं नाही.”

सिराज मध्ये अरबीत काहीतरी बोलला आणि जरा हसला. अधिकारी हसला नाही. मग त्याला काय झालं, त्यानं विचारलं.

तिनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या. तीन वर्षांचे रंग त्या हातांवर होते. मग ती बोलत गेली. तिचं इंग्रजी ओपांच्या हकिकतींवरच पोसलेलं, सोपं आणि तुटक. ते तिला पुरलं. नवरा आशीर्वादाला वाकला, तिनंच त्याला वाकायला पाठवलं, आणि यांनी काठीनं आठ फटके मारले, त्यातला पाचवा तिच्या मनगटावर, असं तिनं सांगितलं. माळ्याच्या बोटांचं सांगितलं. मांजरीचं सांगितलं, आणि ते आपण लपवलं हेही. दाराशी मुनीर खोकला आणि म्हणाला, काठी मी धरली, नायतर हे थांबत नव्हते. मग त्यानं न विचारताच पँटचा पाय वर केला.

युर्गेनसाहेब घाईनं पुढं आले. अधिकाऱ्याला म्हणाले, हे खरं आहे, त्यांचा हात उठतो, पण हा आजार आहे. म्हातारपण आहे. डॉक्टरांची पत्रं आहेत. माझे वडील आयुष्यभर कामगारांसाठी झटले, हा माणूस मूळचा असा नाही.

अधिकारी पत्रं वाचू लागला. त्याच्या चेहऱ्यावर दया आली. एका म्हाताऱ्या, आजारी माणसाबद्दलची दया. ब्रिजेटनं ती ओळखली. तीन वर्षं तीच तिच्या चेहऱ्यावर होती. आता वहीत भ्रम लिहिला जाईल, प्रकरण मिटेल, आणि वासाची नोंद तशीच राहील, कारण भ्रमिष्टाच्या घरात कोण कशानं पडलं याची कुणाला खात्री असते.

ती युर्गेनसाहेबांकडं वळली. आवाज चढवला नाही. रोज सकाळी ओपा कसे झोपले ते सांगायची तसंच बोलली.

“साहेब, यांना चमचा धरता येत नाही. सूप मी भरवते, हात एवढा कापतो. काठी घेतली की कापत नाही. माझं नाव विसरतात, तुमच्या आईचं नाव विसरतात. आकडे एकही विसरत नाहीत. मांजर मेली तरी पंचवीसपर्यंत मोजत होते. माझी सासू सहा वर्षं भ्रमात होती, साहेब. तिनं भ्रमात काय केलं माहितीये? भाकरी थापली. हवेत. जे हातांनी जन्मभर केलं तेच हात करतात.” तिनं बाह्या खाली ओढल्या. “यांनी हे कुठं केलं होतं?”

सिराज जमिनीकडं पाहत राहिला. अधिकाऱ्यानं पत्रातून मान वर केली. ओपांनी सगळ्यांकडं प्रसन्नपणे पाहिलं आणि शाल सारखी केली.

युर्गेनसाहेब हळूहळू सोफ्याच्या हातावर बसले. बोलायला लागले तेव्हा ते अधिकाऱ्याशी नाही, ब्रिजेटशी बोलत होते.

“मी सात वर्षांचा होतो. कारखान्यात पोलंडची, युक्रेनची माणसं आणली होती, धरून. कुणी बटाट्याची साल उचलायला खाली वाकला तरी वडील त्याला अंगणात घ्यायचे. गुडघ्यावर बसवायचे. सुरुवात करण्याआधी ते आपली हॅट काढून माझ्याकडं द्यायचे, तिच्यावर काही उडू नये म्हणून. मी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहायचो. ते माझ्याकडं बघायचे, मी हलतो का. मी हललो नाही. कधीच नाही.”

अधिकाऱ्यानं वही उघडली, आणि काय लिहावं ते न कळून तशीच धरली.

“लिहा,” युर्गेन म्हणाले. “युस्टेस प्यायला नव्हता. माझ्या वडिलांनी त्याला मारलं, त्यांना येतं तसं. त्याच्या आधी त्यांनी अकरा माणसं मारून टाकली, आणि मी ती मोजली आहेत. लिहा.”